वळ न उठणारा मार

नव्या विद्यार्थ्यांचे रॅगिंग रोखायला कायदा आहे. पण प्राध्यापक, कारकून, प्रयोगशाळा साहाय्यक यांचा त्यांच्याच वरिष्ठांकडून आणि सहकाऱ्यांकडून होणारा छळ? तो ओळखावा कसा आणि थांबवावा कसा?

जून महिना. महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावर नवे वेळापत्रक लागले आहे आणि त्याभोवती प्राध्यापकांचा घोळका जमला आहे. कोणी आपले तास डायरीत उतरवून घेत आहे, कोणी शनिवार मोकळा मिळाला म्हणून खूष आहे. घोळक्याच्या मागे उभ्या असलेल्या एका प्राध्यापिकेला मात्र ते वाचण्याची घाई नाही. आपल्या वाट्याला काय आले असणार, हे तिला ठाऊक आहे. गेली दोन वर्षे तिचा पहिला तास सकाळी सव्वासातला आणि शेवटचा दुपारी सव्वातीनला असतो. मधले चार-पाच तास रिकामे. घर दहा किलोमीटरवर. घरात दुसरीत शिकणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. तिने दोनदा विनंतीअर्ज दिला. दोन्ही वेळा विभागप्रमुख हसून म्हणाले, “मॅडम, वेळापत्रक कमिटी करते. मी काय करणार?”

त्या कमिटीचे प्रमुख तेच आहेत!

यात बेकायदा काय आहे? म्हटले तर काहीच नाही. कोणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, पगार कापला नाही. तरीही रविवारची संध्याकाळ झाली की तिच्या पोटात गोळा येतो. वर्गात उत्तम शिकवणारी ही बाई स्टाफरूमच्या दारात आली की क्षणभर थबकते.

नाव बदला, विषय बदला, गाव बदला. असे प्रसंग देशातल्या कितीतरी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत घडत असतात. त्यांची बाहेर फारशी वाच्यता होत नाही. शिकली-सवरलेली माणसे असे वागत नाहीत, अशी समाजाची समजूत असते. खरे तर शिकलेला माणूस छळही नियमांच्या भाषेत करतो. त्यामुळे त्याचे वळ उठत नाहीत आणि ज्याला मार बसतो त्यालाच वाटू लागते, की आपणच तर जास्त हळवे नाही ना?

घुबड आणि कावळे

दिवसाउजेडी चुकून बाहेर आलेल्या घुबडामागे कावळ्यांचा थवा लागलेला अनेकांनी पाहिला असेल. एकेकटा कावळा त्याच्या वाटेला जात नाही. पण सारे मिळून कलकलाट करून, टोचून त्याला हुसकून लावतात. पक्ष्यांच्या अशा वर्तनाला इंग्रजीत ‘मॉबिंग’ म्हणतात. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाने नोकरीच्या ठिकाणी चालणाऱ्या छळासाठी हाच शब्द वापरला. लेमान यांनी अशा वागण्याचे ४५ प्रकार नोंदवले. बोलू न देणे, अनुल्लेखाने मारणे, अफवा पसरवणे, निरर्थक कामे देणे किंवा कामच न देणे असे ते प्रकार. त्यांची कसोटीही साधी होती. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने हे चालू असेल, तर तो छळ समजावा.

पुढे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ केनेथ वेस्टह्यूज यांनी प्राध्यापकांवरील अशा प्रकरणांचाच अभ्यास केला. १९९८ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवलेल्या पायऱ्या कोणत्याही भारतीय प्राध्यापकाला ओळखीच्या वाटतील. आधी माणसाला एकटे पाडायचे. मग किरकोळ प्रशासकीय त्रास सुरू करायचा. मग एखादी चूक किंवा भांडण ‘गंभीर प्रसंग’ म्हणून उचलून धरायचे. मग चौकशी. आणि शेवटी माणूस बाहेर. राजीनाम्याने, आजारपणाने किंवा बडतर्फीने. चौकशीच्या टप्प्यावर सगळ्यांचे लक्ष त्या एका चुकीवर असते. आधीच्या दोन वर्षांत काय घडले, हे कोणी विचारत नाही.

हत्यारे साधीच असतात

शैक्षणिक संस्थेतल्या छळाची हत्यारे रोजच्या कामकाजातलीच असतात. वेळापत्रक हे पहिले. दुसरे म्हणजे विषयवाटप. वीस वर्षे एक पेपर शिकवणाऱ्याकडून तो काढून घ्यायचा आणि सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नवाच पेपर हाती द्यायचा. तिसरे हत्यार परिपत्रक. बैठकीची सूचना सर्वांना मिळते, एकालाच मिळत नाही आणि नंतर गैरहजेरीबद्दल ‘कारणे दाखवा’ नोटीस मात्र वेळेवर मिळते. चौथे, फाईल. स्थाननिश्चितीचा प्रस्ताव, रजेचा अर्ज, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याचा कागद कोणाच्या तरी टेबलावर महिनोन् महिने पडून राहतो. पाचवे आणि सर्वांत धारदार हत्यार म्हणजे गोपनीय अहवालातला शेरा.

अलीकडे यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडली आहे. विभागाच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता सर्वांसमक्ष एखाद्याची चूक दाखवली जाते. खाली चार जण अंगठा उमटवतात. बाकीचे गप्प असतात. सकाळी स्टाफरूममध्ये कोणी त्याविषयी बोलत नाही आणि त्या माणसाशीही कोणी बोलत नाही.

हा त्रास फक्त प्राध्यापकांच्या वाट्याला येतो असे नाही. कार्यालयातला कनिष्ठ लिपिक सर्वांचे काम ओढतो आणि चूक सापडली की बोलणी तोच खातो. शिपायाला संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरची बाजारहाट करायला धाडले जाते. प्रयोगशाळा साहाय्यकाला विद्यार्थ्यांदेखत ‘अरे-तुरे’ केले जाते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था तर आणखी नाजूक. मार्गदर्शकाची एक सही अडली की त्याची वर्षे अडतात.

छळ नेहमी वरून खालीच होतो असेही नाही. बाहेरून आलेल्या नव्या प्राचार्यांना जुन्या मंडळींनी असहकार करून, निनावी पत्रे पाठवून जेरीस आणल्याची उदाहरणेही असतात. घुबड कितीही मोठे असले तरी थव्यापुढे एकटेच!

इथेच का?

कारखान्यात किती नग तयार झाले ते मोजता येते. अध्यापनाचे आणि संशोधनाचे तसे नसते. चांगला शिक्षक कोण, यावर दहा जणांची दहा मते असू शकतात. मोजमाप जेवढे धूसर, तेवढी मूल्यमापन करणाऱ्याची मर्जी महत्त्वाची. त्यात बढतीच्या जागा मोजक्या आणि नोकरी कायम. पटत नसले तरी माणसे पंचवीस-तीस वर्षे एकाच स्टाफरूममध्ये समोरासमोर बसतात. एखादा जुना मतभेद, एखाद्याचा प्रसिद्ध झालेला ग्रंथ, एखादीची विद्यार्थ्यांमधली लोकप्रियता यातून आलेली असूया मुरायला भरपूर वेळ मिळतो.

दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक आहेत. नेट, सेट, पीएच.डी. असूनही पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, हे त्यांना माहीत नसते. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिका तपासणे, महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली रात्री जागून तयार करणे अशा कामांना ते नाही म्हणू शकत नाहीत. ज्याला नकार देता येत नाही, त्याचा छळ करणे सर्वांत सोपे असते.

कडक शिस्त की छळ?

इथे एक सावधगिरी हवी. वर्गावर उशिरा येणाऱ्याला प्राचार्यांनी जाब विचारला, निकृष्ट प्रबंध मार्गदर्शकाने परत केला किंवा लिपिकाची चूक अधीक्षकांनी दाखवली, तर तो छळ नव्हे. प्रत्येक बोलणीला छळ म्हटले तर खऱ्या छळाची तक्रार कोणी ऐकून घेणार नाही. संशय आला, तर चार प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.

हे पुन्हा पुन्हा घडते आहे का? तोच नियम इतरांनाही लावला जातो आहे, की एकालाच? बोलण्याचा रोख कामावर आहे, की माणसाच्या रूपावर, जातीवर, भाषेवर, घरच्या परिस्थितीवर? आणि सुधारण्याची वाट दाखवली जाते आहे, की काहीही केले तरी चूकच ठरते आहे? कडक वरिष्ठ चूक दाखवतो, ती दुरुस्त झाली की विषय संपवतो. छळणाऱ्याचा विषय कधी संपत नाही.

हेच प्रश्न वरिष्ठांनीही स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही. “आम्हालाही आमच्या सरांनी असेच रगडले होते,” असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ असतात. रॅगिंग करणारा विद्यार्थीही नेमके हेच म्हणत असतो.

घरावर पडणारी सावली

असा त्रास स्टाफरूमच्या दाराशी थांबत नाही. झोप उडते. डोके सतत दुखते, रक्तदाब वाढतो, भूक मंदावते. घरी आलेली आई मुलांवर विनाकारण खेकसते. कधी नव्हे ते वडील रात्री उशिरापर्यंत अंधारात बसून राहतात. घरच्यांचे सल्लेही ठरलेले असतात. “दुर्लक्ष कर.” “तूच काहीतरी बोलली असशील.” “एवढी सरकारी पगाराची नोकरी, थोडे सहन करावे लागते.” किंवा दुसऱ्या टोकाचा सल्ला, “सोडून दे नोकरी!” हे सारे प्रेमापोटीच असते, पण ऐकणारा आणखी एकटा पडतो.

घरच्यांनी अशा वेळी आधी नुसते ऐकून घ्यावे. काय घडले, कधी घडले, कोण हजर होते, एवढे शांतपणे विचारले तरी त्या माणसाच्या मनातला गुंता सुटू लागतो. राजीनामा रागाच्या भरात लिहू देऊ नये. झोप, भूक, मन यांवर परिणाम दिसू लागला तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मानसिक ताणाबद्दल बोलता येते.

कागदाला कागदानेच उत्तर

हा छळ कागदावरून होतो, म्हणून त्याला उत्तरही कागदावरच द्यावे लागते. स्टाफरूममध्ये तावातावाने भांडल्याने समोरच्याला हवा तो ‘गंभीर प्रसंग’ आयता मिळतो. त्याऐवजी पुढील गोष्टी निमूटपणे सुरू कराव्यात.

एक, साधी वही करावी. तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द, हजर असलेली माणसे, एवढेच त्यात लिहावे. मनातला राग त्यात नको. सुटी सुटी किरकोळ वाटणारी वीस प्रकरणे एका पानावर आली की त्यांचा आकार दिसतो.

दोन, तोंडी हुकूम मिळाला की त्याच दिवशी नम्र पत्र द्यावे. “आज आपण दिलेल्या सूचनेनुसार...” अशी सुरुवात करून सूचना जशीच्या तशी लिहावी.

तीन, प्रत्येक अर्जाची आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

चार, ग्रुपवरचे मजकूर, परिपत्रके, नोटिसा यांच्या प्रती घरी वेगळ्या ठेवाव्यात.

पाच, ‘कारणे दाखवा’ नोटिशीला मुदतीत, मुद्देसूद आणि थंड डोक्याने उत्तर द्यावे. शक्यतो संघटनेतल्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला आधी दाखवावे.

कागदाचे बळ किती असते, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सीमा रस्ते सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याला त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. वाचायला ठीक, पण बढतीसाठी ‘खूप चांगला’ हा शेरा आवश्यक होता आणि हा शेरा त्याला कधी कळवलाच गेला नव्हता. बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली न्यायालयाने सांगितले, की सरकारी सेवकाच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो वा चांगली, त्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येईल. २०१३ साली न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत पक्के केले. म्हणून आपल्या अहवालात काय लिहिले आहे, हे दरवर्षी लेखी विचारायला संकोच करू नये.

शासकीय विद्यापीठे आणि मोठ्या प्रमाणावर सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांकडून २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या प्रस्तावाची फाईल, तीवरचे शेरे, बैठकीचे इतिवृत्त यांच्या प्रती मागता येतात. त्यांना सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अडून बसलेली फाईल कितीदा तरी केवळ असा अर्ज आल्यावर हलू लागते.

कायद्याची छत्री कुठवर?

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला आणि २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्यांनुसार विद्यार्थी आणि पालक प्रतिज्ञापत्र देतात. पण ही सारी छत्री विद्यार्थ्यांसाठी आहे. फाटकावरच्या रॅगिंगविरोधी फलकाखालून रोज कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सर्वसाधारण छळासाठी भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. स्वीडनने १९९३ साली असे नियम केले, फ्रान्सने २००२ साली कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये जिनिव्हात कामाच्या ठिकाणची हिंसा व छळ यांविरुद्ध करार मंजूर केला. त्यात मानसिक छळाचाही समावेश आहे.

तरीही हात अगदीच रिकामे नाहीत. छळाला लैंगिक अंग असेल, तर २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम लागू होतात. संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हेतुपुरस्सर चारचौघांत अपमानित केले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धमकी आणि बदनामी हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हे आहेत.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांसाठी २०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यात शिक्षक व कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. बडतर्फी, पदावनती अशा आदेशांविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा विद्यापीठ कायदा पाहावा. न्यायाधिकरणापर्यंत जाण्याची वेळ येते तोवर बरेच काही गमावलेले असते. म्हणून खरा उपाय संस्थेतच व्हायला हवा.

संस्थेने काय करावे?

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गैरसोयीचे तास दरवर्षी आळीपाळीने सर्वांना येतील असा नियम करून तो लेखी लावावा. विषयवाटप सत्र संपतानाच, विभागाच्या बैठकीत व्हावे. विभागप्रमुखपद ठरावीक वर्षांनी फिरते असावे. कोणता कागद किती दिवसांत पुढे जाईल, हे कार्यालयात लिहून लावावे. बैठकीचे इतिवृत्त सर्वांना मिळावे. विभागाच्या ग्रुपवर कामाच्या सूचनांखेरीज कोणाच्याही चुकांची चर्चा होणार नाही, असे ठरवावे. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्याच टेबलावर ती जाणार नाही, याची काळजी घ्यावी. तक्रार ऐकणाऱ्यांत एक तरी माणूस बाहेरचा असावा आणि तक्रार केली म्हणून कोणाचे वेळापत्रक बिघडणार नाही, हे प्राचार्यांनी स्वतः पाहावे. मर्जीवर चालणाऱ्या गोष्टी नियमावर आल्या, की छळाची निम्मी हत्यारे आपोआप बोथट होतात.

उरलेली निम्मी सहकाऱ्यांच्या हाती आहेत. छळणारा एक-दोनच असतात. बाकीचे “आपल्याला काय करायचे?” म्हणून खाली मान घालतात आणि त्यांच्या गप्प बसण्यालाच छळणारा संमती समजतो. बंड पुकारायची गरज नसते. एकट्या पडलेल्या माणसाच्या टेबलाशी चहाचा कप घेऊन बसणे, त्याला न मिळालेले परिपत्रक दाखवणे, बैठकीत “हा नियम सर्वांनाच लावावा” एवढे एक वाक्य बोलणे, यानेही थवा पांगतो.

नोटीस बोर्डासमोर उभ्या असलेल्या त्या प्राध्यापिकेचा तिसरा अर्ज गेला तो असाच. मजकूर तोच होता. फक्त त्यात “गैरसोयीचे तास सर्व शिक्षकांना आळीपाळीने द्यावेत” एवढी ओळ वाढली होती आणि खाली तिच्या सहीशेजारी आणखी तीन सह्या होत्या. त्यांतली एक निवृत्तीला वर्ष उरलेल्या, आजवर कुणाच्या अध्यातमध्यात न पडलेल्या सरांची. कार्यालयातल्या लिपिकाने अर्ज वाचला, क्षणभर वर पाहिले, आवक क्रमांक टाकला आणि न मागता पोच तिच्या हाती दिली. वेळापत्रक बदलायला वेळ लागणार होता. पण त्या रविवारी संध्याकाळी तिने मुलीचा अभ्यास घेतला आणि सोमवारचा विचार तिच्या मनात आला तो थेट झोपताना.